अजून तयार होत असलेला आरसी रेसिंग गेम: कंट्रोलर, कॅमेरा आणि सेटअप

खऱ्या आरसी (रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या) ट्रॅकवर चालक उंच स्टँडवर एका जागी उभा असतो. गाडी त्याच्यापासून लांब जाते, वळते आणि पुन्हा त्याच्याकडे येते. गेममध्येही हाच स्टँडवरचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून लावा. गाडीच्या मागे धावणारा कॅमेरा सोपा असतो, पण त्याची सवय लागली की आरसीचं खरं कौशल्य हाताला येतच नाही.

गाडी समोरून येताना स्टीअरिंग उलटं वाटतं. अशा वेळी स्क्रीनवरचं डावं-उजवं विसरा आणि आपण गाडीत बसलो आहोत असं धरून तिचं डावं-उजवं वापरा. थ्रॉटलची (गाडीला वेग देणाऱ्या नियंत्रणाची) मर्यादा ५० टक्क्यांवर आणा आणि मोकळ्या जागेत इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. विचार न करता वळायला लागलं की मगच वेग वाढवा.

गेमपॅड असेल तर डावी स्टिक स्टीअरिंगला, उजवा ट्रिगर थ्रॉटलला आणि डावा ब्रेकला द्या. डेडझोन (स्टिकची मधली जितकी हालचाल गेम मोजत नाही तो भाग) शून्यापासून सुरू करा आणि स्टिक सोडल्यावर गाडी सरळ जाईल इतपतच वाढवा. स्टीअरिंगला ३० टक्क्यांच्या आसपास एक्स्पो (मधल्या भागात स्टिकचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग) दिला की मधल्या भागात गाडी कमी चंचल राहते.

खरा ट्रान्समीटर (आरसी गाडीचा हातातला रिमोट) यूएसबी अडॅप्टरने जोडलात तर संगणकाला तो जॉयस्टिक म्हणून दिसतो. ट्रिम (मधली जागा किंचित सरकवणारी सेटिंग) शून्यावर आणा, मग स्टीअरिंग आणि थ्रॉटल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे गेमला त्यांची टोकं कळतील. एक्स्पो ट्रान्समीटरमध्ये तरी ठेवा किंवा गेममध्ये तरी. दोन्हीकडे ठेवला तर स्टीअरिंग मध्ये सुस्त आणि टोकाला एकदम तिखट होतं. ट्रिगरला हात न लावताही गाडी अर्ध्या थ्रॉटलने पळत सुटली, तर कारण बहुधा एकच: ट्रान्समीटरचा थ्रॉटल मधोमध स्थिरावतो आणि गेम मात्र शून्य एका टोकाला आहे असं समजतो. अशा वेळी थ्रॉटल आणि ब्रेक एकाच अक्षावर घेण्याचा पर्याय शोधा.

फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कमी-जास्त होत असेल तर तो स्थिर राहील अशा आकड्यावर, म्हणजे ६० वगैरे, बांधून टाका. व्ही-सिंकमुळे (चित्रं स्क्रीनच्या गतीशी जुळवणाऱ्या सेटिंगमुळे) हाताची हालचाल उशिरा पोचते, म्हणून ते बंद करून पाहा. नव्या ट्रॅकच्या पहिल्या फेरीत गेम अडखळला तर तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असण्याची शक्यता असते. ती फेरी वेळेसाठी धरू नका.

उडीत गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला की नाक वर जातं, ब्रेक मारला की खाली येतं. फिरत्या चाकांचा वेग बदलला की बॉडी उलट दिशेने फिरते, म्हणून हे घडतं. दोन्ही वेळा क्षणभर दाबलं तरी पुरतं.

आता सेटअप. गेम अर्धवट असताना मेनूत दिसणारी प्रत्येक सेटिंग फिजिक्सला जोडलेली असेलच असं नाही. म्हणून एखादी सेटिंग बारकाईने जुळवण्याआधी ती एकदा किमान आणि एकदा कमाल ठेवून त्याच वळणावरून गाडी न्या. काहीच फरक जाणवला नाही तर तिच्यावर वेळ घालवू नका. फरक पडणाऱ्या गोष्टींत आधी टायर, मग स्प्रिंग घ्या. पुढची स्प्रिंग मऊ केली की पुढे पकड वाढते, मागची केली की मागे. शेपूट सुटत असेल तर मागच्या चाकांना २ ते ३ अंश टो-इन द्या, म्हणजे त्या चाकांची पुढची टोकं किंचित आत वळवा. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) मोठा केला की सरळ रस्त्यावरचा वेग वाढतो, पण वळणातून उठाव कमी होतो. एका वेळी एकच बदल करा आणि निदान पाच फेऱ्या मारून मगच ठरवा.

प्रत्येक अपडेटआधी सेव्ह फोल्डरची प्रत काढा आणि सेटअपचे आकडे लिहून ठेवा. जुनी फाइल उघडली तरी टायरचं मॉडेल बदललं असेल तर तेच आकडे वेगळे वागतात. बिघाड सापडला तर आधी मूळ सेटअपवर तो पुन्हा घडतो का ते पाहा. मग गेमची आवृत्ती, ट्रॅक, गाडी, कंट्रोलर आणि बिघाड घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहून कळवा. सोबत लॉग फाइल (गेम चालताना काय घडलं याची नोंद) जोडा. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेमची ती विंडोजमध्ये बहुतेक वेळा ॲपडेटामधल्या लोकललो फोल्डरात, कंपनी आणि गेमच्या नावाखाली सापडते. गेम पुन्हा चालू करण्याआधी ती उचला, नाहीतर नवी नोंद तिच्या जागी येते.