जनावर अचानक मेलं? फाशी रोगाच्या साथीत या चुका टाळा

संध्याकाळी धारेला नीट उभी राहिलेली म्हैस पहाटे दावणीला मरून पडलेली दिसते. पोट टम्म फुगलेलं. नाकातोंडातून आणि शेणाच्या वाटेनं काळपट रक्त आलेलं, आणि बराच वेळ झाला तरी ते गोठत नाही. पायही नेहमीसारखे ताठलेले नसतात. असं दिसलं की विष, साप किंवा करणी यांच्या आधी फाशीचा संशय घ्यायचा. अँथ्रॅक्स तो हाच. माणसाला झाला की त्याला काळपुळी म्हणतात आणि आपल्या बेळगाव भागातले कन्नड बोलणारे डॉक्टर नेरडी रोग म्हणतील. ही चारही नावं कानावर असू द्यात, म्हणजे फोनवर सांगताना गोंधळ होत नाही.

या रोगात जनावराला वाचवायला वेळ फार कमी मिळतो. 41-42 अंश ताप, थरथर, धाप, आणि पुष्कळदा काही तासांत मरण. शेळ्या-मेंढ्यांत तर आजारी दिसण्याआधीच मेलेली सापडतात. मात्र ते एक मरण तिथंच थांबेल की गावभर पसरेल, हे पुढच्या दोन-चार तासांत आपण काय करतो यावर ठरतं. चुकाही बहुतेक त्याच वेळात होतात.

“पोट फाडून बघू, काय खाल्लंय ते”

सगळ्यात घातक चूक ही. मेलेल्या जनावराच्या रक्तात या रोगाचे जंतू कोट्यवधींनी असतात, पण तिथं ते नाजूक अवस्थेत असतात. शरीर बंद राहिलं तर आत हवा नसते, कुजण्याची क्रिया सुरू होते आणि त्यातले बहुतेक जंतू काही दिवसांत मरून जातात. सुरी लागली, रक्त उघड्यावर आलं, की तेच जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतात. मग ऊन, थंडी, दुष्काळ, गोठ्यातलं साधं फिनेल, कशालाच ते दाद देत नाहीत. मातीत ते कित्येक दशकं तग धरतात.

रशियाच्या यामल भागात 2016 साली उष्णतेच्या लाटेत गोठलेली जमीन वितळली आणि साथ उफाळली. दोन हजारांवर रेनडियर मेले, एक बारा वर्षांचा मुलगाही गेला. तिथं रेनडियरना लस देणं 2007 मध्येच बंद केलं होतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण माती आहे. चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या जमिनीत हे बीजाणू जास्त टिकतात, आणि बेळगाव जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, अथणी, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बराचसा काळ्या मातीचाच आहे. खानापूरकडची तांबडी माती त्या मानानं त्यांना कमी मानवते. म्हणून तिथं निश्चिंत राहावं असं मात्र नाही.

पशुवैद्यक सुद्धा फाशीच्या संशयात शवविच्छेदन करत नाहीत. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निदानाला तेवढं पुरतं. हा थेंबही त्यांनीच घ्यायचा, आपण नाही.

मेलेलं जनावर ट्रॅक्टरला बांधून ओढत नेऊ नका. जाईल तिथं रक्त सांडतं आणि तो सगळा माग दूषित होतो. ओढ्यात किंवा नदीकाठी टाकणं त्याहून वाईट. 2019 चा पूर आठवत असेल तर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा काठावरचं काय काय कुठवर वाहून नेतात हे सांगायला नको. डॉक्टर येईपर्यंत कुत्री, डुकरं, कावळे लांब ठेवा, वर ताडपत्री टाका, बाकीची जनावरं दुसरीकडे बांधा. विल्हेवाटीचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पूर्ण जाळणं. ते जमलं नाही तर किमान 6 फूट खोल पुरायचं, विहीर आणि ओढ्यापासून लांब, आणि शक्यतो मेलं त्या जागेजवळच. खालची रक्ताळलेली माती, वैरण, शेण हेही त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. नंतर त्या जागेला काटेरी कुंपण घाला आणि तिथं पुन्हा चारू नका. घरातल्या पोरांनाही जागा दाखवून ठेवा. दहा वर्षांनी त्या रानात जेसीबी लावायची वेळ आली, तर जागा सांगणारं कुणीतरी हवं.

“मेलंच आहे, तर वाटे घालू”

यामागे गरिबी असते, हे मी विसरत नाही. मोठं जनावर मेलं की घराचं कंबरडं मोडतं, निदान मांस आणि कातडं तरी वाया जाऊ नये असं वाटणं साहजिक आहे. पण ओडिशातल्या कोरापुटसारख्या जिल्ह्यात माणसांत पुन्हा पुन्हा ही साथ येते, ती मुख्यतः मेलेलं जनावर कापून खाल्ल्यामुळेच. “चांगलं शिजवलं की काही होत नाही” या भरवशावर राहू नका. शिजायच्या आधी ते कापणारे हात, विळी, पाट, धुतलेलं पाणी हे सगळं बाधित झालेलं असतं, आणि बीजाणू साध्या शिजवण्यानं हमखास मरतीलच असं नाही. पोटातला अँथ्रॅक्स झाला तर उपचाराविना दगावण्याचं प्रमाण शंभरात 25 ते 60 पर्यंत सांगितलं जातं.

कातड्याचंही तेच. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या जिल्ह्यांत बेळगावही आहे. अथणी-निपाणीकडच्या किती घरांची चूल चामड्यावर चालते! अचानक मेलेल्या जनावराचं कातडं स्वस्तात आलं तर ते घेऊ नका, कुठून आलं हे विचारा. धनगर बांधवांनी मेलेल्या मेंढराची लोकर कातरून ठेवू नये. लोकरीच्या धुळीतून श्वासावाटे होणारा अँथ्रॅक्स क्वचित होतो, पण सगळ्यांत जीवघेणा तोच.

“दुखत नाही ना, मग साधा फोड आहे”

माणसांतल्या शंभरातल्या 95 हून अधिक केसेस कातडीच्या असतात. हातावर, मानेवर किंवा चेहऱ्यावर, जिथं ओरखडा असेल तिथं, साधारण आठवडाभरात डास चावल्यासारखी पुळी येते. खाज सुटते. एक-दोन दिवसांत तिच्या कडेनं पाण्याचे बारीक फोड दिसतात, भोवतीची कातडी चांगलीच सुजते. मग मधोमध खड्डा पडून कोळशासारखी काळी खपली धरते. आणि एवढं होऊनही ती दुखत नाही. फसवणूक इथंच होते. दुखणारा फोड माणूस दवाखान्यात नेतो, न दुखणारा अंगावर काढतो.

ही पुळी फोडू नका, कापू नका, पिळू नका, तिच्यावर चुना किंवा जनावराचं मलम थापू नका. सरळ सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा, “आमचं जनावर मेलं होतं, मी हात लावला होता.” हे एक वाक्य राहून गेलं की साधं गळू समजून वेगळेच उपचार सुरू होतात. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर कातडीच्या काळपुळीनं माणूस सहसा दगावत नाही. उपचाराविना मात्र शंभरात 10 ते 20 जण जातात. ज्यांनी कापाकापी केली किंवा मांस खाल्लं, त्यांनी लक्षणांची वाट न बघता लगेच दाखवावं. सॅनिटायझरनं बीजाणू मरत नाहीत. हात साबण आणि भरपूर वाहत्या पाण्यानंच धुवा. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकायचं काही कारण नाही.

“लस दिलीय की आमच्या जनावराला!”

कुठली दिली, हे आधी बघा. लाळ-खुरकुताची लस फाशीपासून वाचवत नाही, घटसर्प-फऱ्याचीही नाही. फाशीची लस वेगळी, आणि ती सरसकट सगळीकडे देत नाहीत. जिथं आधी रोग झाला आहे त्या गावांत आणि आसपास दरवर्षी देतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी देणं चांगलं, कारण उन्हाळ्यात गवत खुरटतं, जनावर मातीसकट ओरबाडून खातं, आणि पहिल्या पावसानं खालचे बीजाणू वर येतात.

आणखी एक गफलत. ही लस जिवंत, पण निरुपद्रवी केलेल्या जंतूंची असते. लस टोचली आणि त्याच दिवसांत कुणी पेनिसिलिनचं इंजेक्शनही दिलं, तर औषध लशीलाच मारतं. ताप असलेल्याला उपचार, धडधाकट असलेल्याला लस, कुणाला काय हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कोल्हापूर-सांगलीकडून किंवा चिंचलीच्या मायाक्का यात्रेच्या बाजारातून बैल आणलात, तर त्याच्या कानातला बारा अंकी बिल्ला डॉक्टरांना दाखवून कुठल्या लशींची नोंद आहे ते विचारा.

रानात मेलेलं जनावर

खानापूरच्या भीमगड पट्ट्यात गवा किंवा रानडुक्कर मेलेलं दिसलं तर शिंगं, मांस, काहीही घेऊ नका, वनखात्याला कळवा. केरळात अतिरप्पिळ्ळीच्या जंगलात 2022 साली रानडुकरं मेली ती अँथ्रॅक्सनं. उलट आपल्याच भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर 2025 मध्ये तीसच्या आसपास काळविटं पटापट मेली, तेव्हा तपासणीत घटसर्प हा वेगळाच रोग निघाला. बाहेरून बघून नक्की सांगता येत नाही. म्हणूनच नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे.

“कळवलं तर डेअरी दूध बंद करील”

ही भीती खरी आहे. तरीही गप्प बसू नका. संशय असलेल्या गोठ्यातलं दूध डॉक्टर सांगेपर्यंत घालायचंही नाही आणि प्यायचंही नाही. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. कर्नाटकात पशुसंजीवनी या सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक 1962. फोन लावल्यावर एवढं सांगा: जनावर कुठलं, किती वाजता मेलं, रक्त आलं का, आधी किती मेली, आणि कुणी कुणी हात लावला.