मैदानाच्या कडेचा माईक

या मोसमानंतर मी समालोचन थांबवतोय. निरोपाच्या निमित्ताने भेटणारे बहुतेक जण एकच विचारतात, "सर, सगळ्यात लक्षात राहिलेला सामना कोणता?" त्यात नुकताच माईक हातात घेतलेली मुलं-मुलीही असतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. जे आठवतं ते सांगतो, आणि त्या त्या वेळी काय कामी आलं तेही.

मी सगळी वर्षं जिल्हा आणि तालुका पातळीवरचे सामने सांगितले. खो-खो, कबड्डी, मातीतली कुस्ती. इथे रिप्ले नसतो, चार बाजूंनी कॅमेरे नसतात, दुसऱ्या दिवशी पेपरात आल्याच तर चार ओळी येतात. सामना कसा झाला, याची एकमेव नोंद बऱ्याचदा तुमचा आवाज असतो. माझ्या मते या कामातलं बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

सगळ्यात आधी आठवतो तो मुलींच्या खो-खोचा जिल्हा अंतिम सामना. शेवटचा डाव, एका गुणाची आघाडी, वेळ जेमतेम दीड मिनिट, आणि संरक्षण करणाऱ्या तुकडीतली एकच मुलगी मैदानात उरलेली. ती बाद झाली की बरोबरी. अशा वेळी "काय पळतेय, काय पळतेय!" एवढंच तोंडातून निघतं आणि ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. माझी एक जुनी सवय होती. सामना सुरू होतानाच मी सांगून टाकायचो, की बसलेल्या आठ खेळाडूंना आपण डाव्या खांबापासून एक ते आठ असे आकडे देऊ. विषम आकड्यांची तोंडं माझ्याकडे, सम आकड्यांची पलीकडे. त्या दीड मिनिटात तेच आकडे धावून आले. "तीन आणि चारच्या मधून आत, पाचच्या पुढून बाहेर, खो सहाला... सहाचं तोंड पलीकडे, ही अलीकडे, वाचली!" खो मिळालेल्या खेळाडूला मधली पाटी ओलांडून या बाजूला येता येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला घरबसल्या कळलं की ती का वाचली. ज्याला ठाऊक नव्हतं, त्यालाही ऐकता ऐकता कळलं असणार.

शिट्टी झाली, ती नाबाद राहिली. गुणपत्रिकेत अशा मुलीच्या नावापुढे फक्त संरक्षणाची वेळ उरते. दोन दिवसांनी तिचे क्रीडाशिक्षक रेकॉर्डिंग मागायला आले. ती एकेरी साखळीतून, म्हणजे बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळताना, कधी आणि कुठे बाहेर पडली, हे त्यांना पुढच्या वर्षीच्या मुलींना ऐकवायचं होतं. मला मिळालेल्या सगळ्या शाली-श्रीफळांपेक्षा ही मागणी मोठी वाटते.

नावांचंही तसंच. आपल्याकडच्या एका संघात तीन पाटील आणि दोन जाधव सहज निघतात. "पाटीलची चढाई" म्हणून भागत नाही. सामन्याच्या अर्धा तास आधी प्रशिक्षकाकडे जा, यादी आणि बनियनवरचे नंबर ताडून घ्या, नाव कसं उच्चारतात ते त्या मुलालाच विचारा, गाव विचारा. अनेक खेळाडूंचं नाव माईकवरून आयुष्यात एकदा-दोनदाच घेतलं जातं. घरी त्याची आई मोबाईलला कान लावून बसलेली असते. तिच्या कानावर पूर्ण नाव पडलं पाहिजे.

कबड्डीतला माझा सर्वात आवडता सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांवर गेला. या चढायांत दोन्हीकडे सातही खेळाडू उतरतात, बाद झालेला बाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात, आणि निदान रेषाच (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) बोनस रेषा धरतात. मैदानात इतका गलका होता की शेजारच्या गुणलेखकाचं बोलणंही ऐकू येईना. तेव्हा मी आवाज चढवला नाही, माईक तोंडाजवळ घेतला. प्रत्येक चढाईआधी कितवी चढाई, कोणाची आणि गुण किती. चढाईनंतर पुन्हा गुण. बस. एरवीच्या सामन्यातही हाच हिशेब ठेवा. चढाई तीस सेकंदांची असते, म्हणून प्रत्येक चढाईला एकदा गुणफलक सांगितला तर उशिरा जोडला गेलेला श्रोताही अर्ध्या मिनिटात सामन्यात येतो. नव्या मुलांचं समालोचन ऐकताना मला सर्वात जास्त खटकतं ते हेच: विशेषणं भरपूर, गुण पाच-पाच मिनिटं नाहीत.

कुस्तीचं मैदान वेगळं. तिथे हलगी वाजत असते आणि कडेला बसलेले जुने वस्ताद तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. जोड लागताना पैलवानाचं गाव, तालीम आणि वस्ताद ही तिन्ही नावं यायलाच हवीत. एकदा फारसं नाव नसलेला एक पोरगा मोठ्या पैलवानाशी लढत होता. बराच वेळ नुसती खडाखडी. प्रेक्षक कंटाळले, मी मात्र त्याच्या हातांकडे बघत होतो. प्रत्येक वेळी तो समोरच्याचा उजवा हातच वर बांधायला बघायचा. "हा ढाकेवर टपलाय" असं मी म्हणालो (ढाक म्हणजे समोरच्याचा हात बांधून त्याला पाडायचा डाव), आणि थोड्याच वेळात ढाक लागली, पैलवान चीतपट! ते भाकीत नव्हतं. चेहऱ्याकडे न बघता पायांकडे आणि पकडीकडे बघत राहिलं की पुढचं थोडं आधी दिसतं. आणि कुस्ती निकाली झाली की गप्प बसा, हलगीला वाजू द्या.

काही आठवणी सांगायला जड जातात. एका सामन्यात चढाईपटू पकडीतून सुटताना मानेवर पडला आणि उठलाच नाही. स्ट्रेचर येईपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो. तेव्हा एवढंच बोललो: खेळ थांबलाय, डॉक्टर त्याच्याजवळ आहेत, तो शुद्धीवर आहे, हात हलवतोय. जे दिसत होतं तेवढंच. दुखापतीचा अंदाज कधीही बांधू नका, मग शेजारचा कोणी कितीही खात्रीने सांगो. घरचे ऐकत असतात. तो मुलगा पुढच्या मोसमात खेळला.

खेळ वादामुळे थांबतो तेव्हा मात्र बोलत राहावं लागतं, आणि तिथे नियमांचं पुस्तक वाचवतं. २०२३च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुष कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ वर अडकला होता. पवन सेहरावतच्या चढाईनंतर जुना नियम लावायचा की नवा, यावर खेळ जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. त्या तासात माईकवर कोण कसं बोलत होतं, हे पुन्हा शोधून ऐका. ज्याला दोन्ही नियम माहीत होते तो बोलत राहिला, बाकीचे "आता काय होतं ते पाहू" यावर अडले. तुमच्या तालुक्याच्या सामन्यातही असा वाद होणारच. चालू नियमावली खिशात ठेवा आणि सामन्याआधी पंचांशी दोन शब्द बोलून घ्या.

मराठीत मैदान ऐकवता येतं, हे आमच्या पिढीला बाळ ज. पंडितांच्या आकाशवाणीवरच्या क्रिकेट समालोचनाने दाखवलं. आज आयोजकच यूट्यूबवर सामना थेट दाखवतात, त्यामुळे संधी जास्त आहेत. मानधन कमी असतं. ते आधी ठरवा आणि मोकळेपणाने मागा. आकाशवाणी केंद्रांवर हंगामी निवेदकांसाठी वेळोवेळी आवाजचाचणी होते, तीही द्या, उच्चार सुधारतात.

सुरुवात शालेय जिल्हास्तरीय सामन्यांपासून करा. कोणी बोलावलं नाही तरी कडेला बसा आणि एक पूर्ण सामना मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग तो अशा माणसाला ऐकवा, जो त्या दिवशी मैदानावर नव्हता. मध्येच थांबवून त्याला विचारा: गुण किती झाले, चढाई कोणाची, मैदानात किती जण उरले? त्याला सांगता आलं, की पुढच्या सामन्यासाठी आयोजकांना फोन करा.