पावसाचं पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका

दिवाळीनंतर शहरातल्या गच्च्यांवर मृगापर्यंत धूळ बसत राहते. ही नुसती माती नसते. टायर झिजतात त्यातून जस्त येतं, ब्रेक पॅडमधून तांबं, जुन्या तैलरंगाच्या पोपड्यांतून शिसं. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण धातू कुजत नाही; रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं आजही धुळीबरोबर उडतं. पहिल्या सरीत हे सगळं पन्हाळीतून खाली येतं. म्हणून पाऊस टाकीत साठवणार असाल किंवा बोअरमध्ये जिरवणार असाल, तर आधी पहिल्या पाण्याची सोय लावा.

मे संपता संपता गच्ची झाडून घ्या. कोरडी झाडू नका; पाणी शिंपडून, मास्क लावून झाडा. निघालेली धूळ पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. पाईपने धुऊन काढायचा मोह टाळा, कारण पावसाळी गटारं बहुतेक ठिकाणी थेट नाल्याला आणि नदीलाच मिळतात.

मग हिशेब. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पहिला २ मिलिमीटर पाऊस सोडायचा धरला, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीला २०० लिटरचा एक ड्रम पुरतो. घर रहदारीच्या रस्त्यालगत असेल तर दोन ड्रम लावा. इथे पाण्याची काटकसर नको.

छतावरून येणाऱ्या उभ्या पाईपला, टाकीकडे वळण्याआधी, टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाईपचा जोड) बसवा आणि तिचं खालचं तोंड ड्रमला जोडा. त्या तोंडात तरंगणारा चेंडू ठेवा. ड्रम भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे जातं. हे काम प्लंबर सहज करतो. ड्रमच्या तळाशी तोटी हवीच, आणि ती किंचित उघडी ठेवा. नाहीतर ड्रम भरलेलाच राहील आणि मोठ्या उघडिपीनंतर पुन्हा साठलेली धूळ सरळ टाकीत जाईल. तोटीचं पाणी फुलझाडांना चालेल. पालेभाजीच्या वाफ्यात किंवा बोअरजवळ नको.

छप्पर जस्ती पत्र्याचं असेल तर एवढ्याने भागत नाही. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते पत्र्यातलं जस्त पावसाळाभर थोडं थोडं विरघळवत राहतं. असं पाणी धुण्याभांड्यांसाठीच ठेवा.

टाकीतही धातू मुख्यतः गाळाला चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे बाहेर जाणारी तोटी तळापासून वीतभर वर घ्या.

हे पाणी उकळून प्यायलं की झालं, असं अनेकजण समजतात. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही; पाणी आटल्यावर उलट दाट होतं. चवीवरून, रंगावरून ते कळतही नाही. प्यायचंच असेल तर आधी प्रयोगशाळेत धातूंची तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तपासणीशिवाय एक घोटही नको.