पिनकोडचे मूळ अवयव हाताने कसे पाडायचे? कोल्हापूरच्या ४१६००१ वर करून बघूया

सहा अंकी आकडा दिसला की पोरं लगेच मोबाइल काढतात, पण त्याची सगळी कुंडली कागद-पेनवर निघते बघा. आपण कोल्हापूरचा पिनकोड घेऊ, ४१६००१.

आधी सोपं उरकायचं. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ चा विषयच संपला. अंकांची बेरीज १२, तिला ३ ने भाग जातो म्हणून आकड्यालाही जातो, ९ ने नाही जात. ४१६००१ ÷ ३ = १३८६६७.

आता ७, ११, १३. इथली युक्ती मला फार आवडते. या तिघांचा गुणाकार १००१ येतो. पत्त्यावर पिन कसा तीन-तीन अंक तोडून लिहितात, ४१६ ००१, तसाच तोडा आणि वजाबाकी करा, ४१६ − १ = ४१५. या ४१५ ला ७ ने भागलं की बाकी २, ११ ने ८, १३ ने १२, म्हणजे तिघांपैकी एकानेही मूळ आकड्याला भाग जात नाही. असं का होतं? तर ४१६००१ म्हणजे ४१६ × १००१ मधून ४१५ कमी, पहिल्या भागाला तिघांनीही भाग जातोच, मग तपासायचे राहिले फक्त ४१५.

पुढं सरळ भागाकार. १३८६६७ ला १७ आणि १९ ने जात नाही, २३ ने जातो, ६०२९ येतात.

६०२९ मूळ संख्या वाटते, पण नुसतं वाटून चालत नाही, तपासायचंच. ७८ चा वर्ग ६०८४, म्हणजे ६०२९ चे दोन तुकडे होत असतील तर एक तरी ७८ पेक्षा लहान असणार. २३ च्या आधीच्या मूळ संख्या बाद झाल्याच आहेत, तर २३ ते ७३ एवढ्या तेराच उरल्या (२३ परत तपासा, एकच अवयव दोनदा येऊ शकतो). ४१ अगदी जवळ येतो, बाकी २. भाग कुणानेच जात नाही.

म्हणून ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. प्रत्येक अवयव एकदाच, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८: १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७ आणि स्वतः.

आता शेजारच्या सांगलीचा ४१६४१६ घ्या. वजाबाकी शून्य! म्हणजे ७, ११, १३ तिन्हींनी भाग जातो, अवयव २⁵ × ७ × ११ × १३², विभाजक तब्बल ७२. शिवाय अंकांची बेरीज २२, आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, बाकी काही नाही. अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. आपला ४१६००१ विषम आहे, त्याला १२ ने भाग जाणं शक्यच नाही, तेव्हा तो हर्षद नाही.

सरावाला शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४ घ्या. १२ ने भागून ३४६६७ उरतो, त्यासाठी १८६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, ७-११-१३ चं काम मात्र ६६७ − ३४ ने एका ओळीत होतं.