सर्व्हिस ‘चालू आहे’ म्हणजे नेमकं काय? नव्यांसाठी थोडा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांचं बिलांचं आणि ऑर्डरींचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पहिली नोकरी धरली. कॉलेजात लिनक्सचा पेपर दिला होता, पण लोकांचं काम ज्यावर चाललंय अशा सर्व्हरला कधी हात लावला नव्हता. आता जी मुलं-मुली नवीन येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात मागे चालणारी सर्व्हिस, म्हणजे स्क्रीनवर न दिसता सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्राम, चालू आणि बंद करायला बसवते. दोन आज्ञांचं काम वाटतं, म्हणूनच लक्ष सुटतं.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, यूपीएसही संपला. तासाभराने सर्व्हर उठला आणि लगेच फोन आला, “मॅडम, बिलं निघंनात की ओ, गाडी भरून उभी हाय.” ती सर्व्हिस मीच बसवली होती. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला ‘सिस्टिमसीटीएल’ने आज्ञा देतात. मी ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ दिलं होतं, ‘इनेबल’ दिलं नव्हतं. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे मशीन उठेल तेव्हा आपणहून चालू हो. एक केलं म्हणून दुसरं होत नाही. ‘इनेबल --नाऊ’ लिहिलं तर दोन्ही होतात. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधी आरसी डॉट कॉन्फ या फाइलीत त्या सर्व्हिसपुढे ‘येस’ लिहावं लागतं, नाहीतर नुसत्या स्टार्टने ती उठतच नाही. तेवढ्यापुरती हवी असेल तर ‘वनस्टार्ट’ म्हणायचं. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण विसरलात तर ते त्याच क्षणी कळतं.

दुसरी गोष्ट मला आमच्या सीनियर सरांनी शिकवली. स्टेटसमध्ये हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की मी निवांत व्हायचे. ते म्हणाले, “चालू आहे ते कळलं. पण कुणाचं ऐकतेय का, ते बघितलंस?” कोण कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर (म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर) ऐकतंय ते दाखवणारी ‘एसएस -एलटीएनपी’ ही आज्ञा चालवून पाहिलं, तर सर्व्हिस १२७.०.०.१ या पत्त्यावर बसलेली. म्हणजे त्याच मशीनवरून आलेली हाक तिला ऐकू येणार, कारखान्यातली नाही. तेव्हापासून स्टेटस, पोर्ट आणि ‘जर्नलसीटीएल -यू’ने लॉगच्या, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदींच्या, शेवटच्या ओळी, एवढं पाहिल्याशिवाय मी ‘झालं’ म्हणत नाही.

बंद करणं मात्र खरं नाजूक काम आहे. ‘स्टॉप’ म्हटल्यावर सिस्टिमडी प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, आधी सिगटर्म पाठवते, म्हणजे हातातलं काम आवरून थांब अशी विनंती. नेहमीच्या सेटिंगमध्ये ९० सेकंद वाट पाहते आणि तरीही नाही थांबली तर सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. सिगटर्म प्रोग्रामला झेलता येतो, फाइल नीट मिटवता येते. सिगकिल झेलताच येत नाही. नव्या मुलांना ते ९० सेकंद फार वाटतात आणि हात थेट ‘किल -९’कडे, म्हणजे स्वतःच सिगकिल पाठवण्याकडे, जातो. माझाही गेला होता, आणि एका ऑर्डरची फाइल अर्धीच लिहिलेली राहिली. माझे वडील मागावर काम करायचे. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, धोटा ताण्यात मधेच अडकला की दोरे तुटतात आणि एकेक सांधत बसावं लागतं. मी त्या रात्री तेच करत बसले, कागदी चलनांवरून ऑर्डर परत भरत. म्हणून सांगते, थांबा. थांबत नसेल तर का थांबत नाही ते लॉगमध्ये वाचा. सेटिंग बदललं असेल आणि सर्व्हिसला ‘रीलोड’, म्हणजे न थांबता सेटिंग पुन्हा वाचणं, येत असेल, तर बंद करायची गरजही नसते.

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करू देणारी सर्व्हिस, तिच्या बाबतीत तर दुप्पट जपा. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि आपण सोलापुरात असलो, तर आत शिरायची वाट तीच. डेबियन, उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सर्व्हिसचं नाव एसएसएच, रेड हॅटच्या घराण्यात एसएसएचडी. रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’ चालवा; सेटिंग्जच्या फाइलीत चूक असेल तर ते तिथेच सांगतं. रीस्टार्टने उघडं सेशन सहसा तुटत नाही, म्हणून ते तसंच ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन करा, आणि ते झालं की मगच पहिलं बंद करा.