जुन्या रायफलला आधी पाणी, मग तेल

एनसीसीत उस्ताद फुलथ्रूला (नळी साफ करायची दोरी) चिंधी लावून नळीतून ओढायला लावायचे, वर दोन थेंब तेल, झालं काम. तीच सवय घेऊन मी ह्यूस्टनला आलो. इथे ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल घेतली, एका शनिवारी जुन्या सरप्लस (लष्कराने विकून टाकलेल्या) थ्री नॉट थ्रीच्या चाळीसेक गोळ्या झाडल्या, तेलाची चिंधी फिरवून रायफल कपाटात ठेवून दिली. पुढच्या शनिवारी चिंधी घातली तर बाहेर आली विटकरी होऊन. पोटात गोळाच आला.

जुन्या मिलिटरी प्रायमरमधे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं हे नळीत बसून हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंड खातं. आणि मीठ तेलात विरघळत नाही हो! तेल फासलं की ते खाली तसंच राहतं. काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारा असं बरेच जण सांगतात, त्यातही काम पाणीच करतं, मग साधं पाणी काय वाईट.

आधी मॅगझिन काढा, चेंबरमधे (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) बोट घालून रिकामं आहे ना बघा, नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको. बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे ओढून त्याचं डोकं वर फिरवलं की तो बाहेर येतो. किटलीभर पाणी उकळा, नरसाळ्याला रबरी नळी लावून टोक चेंबरमधे, रायफलचं तोंड खाली बादलीत, आणि सावकाश ओता, लिटरभर पुरतं. बॅरल सॉलिड तापते, लाकडाला धरा, पण लाकडात पाणी मुरू देऊ नका. उकळतंच का, तर तापलेलं लोखंड पटकन वाळतं. मग कोरड्या चिंध्या, काजळीसाठी सॉल्व्हंट आणि ब्राँझचा ब्रश, शेवटी पातळ तेल. हे सगळं अंगणात करा, काजळीत शिसं असतं, नंतर हात साबणाने धुवा.

बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिन पण धुवा. एसकेएस (गॅसच्या जोरावर आपोआप भरणारी रशियन रायफल) असेल तर गॅस ट्यूब आणि पिस्टन सुद्धा. रॉड शक्यतो चेंबरकडून घाला, तोंडाकडून घालून क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, घासला की नेम गेला. दोन एनफिल्ड एकदम उघडल्या असतील तर बोल्टवरचा नंबर जुळवा, अदलाबदल झाली तर हेडस्पेस, म्हणजे चेंबरमधल्या काडतुसामागे बोल्टपर्यंतची जागा, बिघडू शकतो आणि तो खेळ जिवावरचा आहे.

लाकडाला जवसाचं तेल बेस्ट. पण त्याच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, बाहेर पसरून वाळवा.

सरप्लसमधे कधी पुंगळीच्या बुडावर के एफ दिसतं, म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी! टेक्सासात ते बघून भारी वाटतं, पण शिक्का कुठलाही असो, जुना मिलिटरी माल करोझिव्हच, म्हणजे नळी गंजवणारा, धरून चाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधी एक कोरडी चिंधी फिरवा, तपकिरी आली तर संध्याकाळी परत किटली चढवा.