परावर्तित जीपीएस संकेतांवरून समुद्रपातळी : पहिल्या स्टेशनवर काय शिकाल

भूगणिताकडे, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि जमिनीची हालचाल मोजण्याच्या शास्त्राकडे, वळलेली मुलं विचारतात, की परावर्तित उपग्रह-संकेतांवरून समुद्रपातळी मोजायला शिकायचं तर कोणता रिसीव्हर घ्यावा? मी सांगते, सध्या काहीच घेऊ नका. जुन्या नोंदी उतरवून घ्या आणि अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरपासून सुरुवात करा.

वॉशिंग्टन राज्यातल्या या बंदरात ‘एससी०२’ हे जीपीएस स्टेशन आहे. ते बसवलं जमिनीची हालचाल मोजायला. पण किनाऱ्यालगत असल्यामुळे त्याच्या अँटेनात उपग्रहाचा थेट संकेत येतो, तसा पाण्यावर आपटून आलेलाही येतो. अचूक स्थान काढणाऱ्यांना हा दुसरा संकेत नको असतो. भूगणितज्ञ क्रिस्टीन लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्यातूनच पाण्याची पातळी काढली आणि २०१७ मध्ये दहा वर्षांच्या नोंदी तिथल्या भरतीमापकाशी ताडून दाखवल्या. सुट्या मोजमापांत साधारण १२ सेंमीचा फरक पडतो, दिवसाच्या सरासरीत तो २ सेंमीच्या आसपास उतरतो.

हे घडतं कसं, ते आधी कागदावर करून पाहा. उपग्रह वर चढतो तसा थेट आणि परावर्तित संकेतांच्या वाटेतला फरक बदलत जातो, आणि रिसीव्हरने नोंदवलेली संकेताची ताकद, म्हणजे एसएनआर, लयीत वरखाली होते. एल१ या जीपीएसच्या मुख्य संकेताची तरंगलांबी १९ सेंमी. अँटेना पाण्यापासून ५ मीटर वर असेल, तर उपग्रह क्षितिजापासून ५ अंशांवरून १५ अंशांवर जाईपर्यंत सुमारे ९ आवर्तनं होतात. भरतीने पाणी मीटरभर चढलं की ७च उरतात. लार्सन यांचं ‘जीएनएसएसरेफ्ल’ हे पायथनमधलं मोफत सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं, तरी आधी एकेका उपग्रहाचा आलेख स्वतः काढा. ती नऊ आवर्तनं डोळ्यांनी दिसली, की पुढचं गणित परकं वाटत नाही.

यानंतरचं काम गणिताचं कमी आणि जागा ओळखण्याचं जास्त. याच ५ मीटर उंचीच्या अँटेनासाठी, ५ अंशांवरच्या उपग्रहाचा संकेत सुमारे ५७ मीटर लांब पाण्यावर आपटतो, १५ अंशांवरचा फक्त १९ मीटरवर. तिथे पाणीच आहे का? की धक्का, खडक, नांगरलेल्या होड्या? नकाशा उघडून दिशेदिशेने बघा आणि पाणी नसलेल्या दिशा बिनदिक्कत गाळा. ओहोटीचाही विचार करा. कोकणातल्या खाडीत भरतीला जिथे पाणी असतं, तिथे सुकतीला चिखल उघडा पडतो, आणि मग सॉफ्टवेअर चिखलाची उंची पाण्याची म्हणून देतं. आकडा दिसायला अगदी बरोबर असतो, म्हणून ही चूक पकडणं अवघड. नव्या विद्यार्थ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण भरतीच्या वेगाची. उपग्रहाला ते दहा अंश चढायला वीस मिनिटं ते अर्धा तास, कधी जास्तही लागतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी तेवढ्यात पाणी फूटभर सहज चढतं. त्यामुळे पाणी स्थिर धरून काढलेली उंची दुरुस्त करावी लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, हा प्रश्न बराच सौम्य होतो. वातावरणात संकेत किंचित वाकतो, त्याचीही दुरुस्ती असते. ती सॉफ्टवेअरवर सोडली तरी चालेल.

फाइल घेताना दोन गोष्टी तपासा. तिच्यात एसएनआर आहे ना, कारण काही जुन्या फाइलींत तो ठेवलेलाच नसतो. आणि नोंदी किती सेकंदांनी घेतल्या आहेत? अँटेना ५ मीटरवर असेल तर ३० सेकंदांच्या चालतात, पन्नास मीटरच्या कड्यावर असेल तर नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? भरतीमापक पाणी मोजतो ते शेजारच्या जमिनीच्या तुलनेत. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत, पण जमीन स्वतः खचते की उचलली जाते, हे नुसत्या त्या नोंदींतून उमगत नाही. अलास्कात हिमनद्या वितळून जमीन वर येते आहे, तिथे समुद्र उलट खाली गेल्यासारखा दिसतो. जीपीएसची एकच अँटेना जमीनही मोजते आणि पाणीही. मला या विषयाने धरून ठेवलं ते यासाठी.

भारतातल्या किनाऱ्यावर काम करायचं असेल तर नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-प्रणालीचा मोह होणारच. एक ध्यानात ठेवा: त्यातले भूस्थिर उपग्रह आकाशात जवळजवळ जागचे हलत नाहीत, म्हणून ही आवर्तनं त्यांच्याकडून मिळत नाहीत. कललेल्या कक्षेतले निवडा, आणि जोडीला जीपीएस ठेवाच.